सहाचं शेपूट

"तीन," असं यज्ञेश्वर म्हणाले आणि होडी बुडाली.

होडी खोटी, नदी खोटी, बुडालेली माणसंसुद्धा खोटीच. पण सुरुची रडली ती खरी. रुमाल काढून, नाक ओढत रडली. यज्ञेश्वर तिच्याकडे बघतच राहिले. शाळेत गणित शिकवणारी, चांगली तिशीची बाई, आणि कागदावरचं माणूस मेलं म्हणून रडते? "अगं, खोटं खोटं आहे ना?" असं ते म्हणाले मात्र, तिनं पिशवी उचलली आणि जिना उतरून गेली. आपलं काय चुकलं, हे यज्ञेश्वरांना काही केल्या कळेना. फाशानं सांगितलं ते त्यांनी केलं होतं.

आता हा खेळ काय, ते सांगतो, म्हणजे तुमचंही त्यांच्यासारखं व्हायला नको. बुधवार पेठेत वरदच्या काकांचं शालेय पुस्तकांचं दुकान आहे. रविवारी ते बंद. त्याच्या माळ्यावर, गाइडांच्या गठ्ठ्यांमध्ये एक टेबल टाकून चार माणसं दहा ते एक बसायची. खेळ म्हणजे गोष्टच, फक्त सगळ्यांनी मिळून बोलत बोलत रचायची. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि काही अडलं की फासा टाकायचा. गोष्ट चालवायची तनया. वरद व्हायचा चोर. सुरुची व्हायची कावेरी, झाडपाल्याचं औषध देणारी. आणि त्रेसष्ट वर्षांचे यज्ञेश्वर व्हायचे हिंमतराव, तलवारबहाद्दर.

तुम्ही म्हणाल, निवृत्त माणसानं सकाळी उठून पर्वती चढावी, पेपर वाचावा, शेजाऱ्यांना नावं ठेवावीत. हे काय भलतंच? तर तनया ही त्यांची मुलगी. एकुलती एक. आणि रविवारचे हे तीन तास सोडले तर ती त्यांना भेटत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी याच खेळासाठी तनयानं एक नकाशा काढला होता. चार महिने खपून, दोन ड्रॉइंग पेपर जोडून. एका संध्याकाळी जेवायला तीन हाका मारूनही ती उठली नाही, चौथ्या हाकेला यज्ञेश्वर आत गेले आणि त्यांनी तो नकाशा फाडला. एकदा नाही. आधी उभा, मग आडवा, मग हातात येईल तसा. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "राग आला. राग काय विचारून येतो?" आठ दिवसांनी तनया बॅग भरून हिंजवडीला कंपनीजवळ राहायला गेली. तिचा फोन यायचा, पण आईला.

मग गेल्या वर्षी त्यांचा चौथा खेळाडू बंगलोरला गेला. उल्काताईंनी, म्हणजे यज्ञेश्वरांच्या बायकोनं, लेकीला फोन केला. "माणूस हवाय ना? आमच्या घरी एक रिकामा बसलाय. न्या." तनया म्हणाली म्हणे, येऊ देत, पण टेबलाबाहेरचं काही बोलायचं नाही. यज्ञेश्वर अकरा महिने एकही रविवार चुकले नव्हते. एकशे दोन ताप होता तेव्हाही गेले होते. ती खुर्ची गेली की मुलगी गेली, एवढं एकच त्यांना त्या खेळातलं स्वच्छ कळलं होतं.

बाकी सगळा आनंद. पहिल्याच दिवशी घरी पात्राचा कागद भरायला बसले, तर त्यात एक रकाना होता: दोष. "हिंमतरावात दोष नाही," यज्ञेश्वर म्हणाले. "अहो, दोष शोधायला इतकं लांब कशाला जायचं?" उल्काताई कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या. म्हणून त्यांनी लिहिलं: राग येतो, आवरत नाही. तनयानं ते वाचलं. फक्त नियम सांगितला. कुणी हिंमतरावाचा अपमान केला की फासा टाकायचा. चार, पाच, सहा आले तर त्यानं राग गिळला. एक, दोन, तीन आले तर राग अनावर, आणि मग समोरचं काहीतरी मोडायचंच.

हा नियम यज्ञेश्वरांना भलताच आवडला. आयुष्यभर हेच तर सांगत होते ते! आपल्या हातात काही नसतं. येतो.

त्या रविवारी सगळे नदीपाशी आले होते. होडीत कावेरी बसली होती, तिच्या मांडीवर आजारी पोर. अकरा महिने तेच पोर वाचवायला सगळ्यांची धावपळ चाललेली. हिंमतराव काठावरून नावाड्याला सूचना देत होता. नावाड्याचं बोलणं तनयाच करायची, जाड आवाज काढून. नावाडी म्हणाला, "म्हातारबा, तुम्हाला यातलं कळत नाही. तुम्ही गप्प बसा."

शेवटचे तीन शब्द जाड आवाजात नव्हते. निदान यज्ञेश्वरांना तसं वाटलं. त्यांनी फासा टाकला, "तीन" म्हणाले, आणि हिंमतरावानं नावाड्याची कुऱ्हाड ओढून होडीच्या तळात घातली; काठाशीच नदी खोल होती. कावेरीला पोहता येत नव्हतं. पोराला तर नाहीच.

मग आठवडा कसा गेला विचारू नका. सोमवारी त्यांनी उल्काताईंना विचारलं, "फासा पडला त्याला मी काय करू?" त्या म्हणाल्या, "मला काय विचारता? मी काय फासा आहे?" मंगळवारी वरदला फोन केला, तर तो आपला "काका, इट्स ओके, काका, इट्स ओके" करत राहिला आणि नक्की काय ओके आहे ते सांगेना. बुधवारी तनयाचा मेसेज आला. दोन वर्षांत पहिला. *रविवारी अर्धा तास आधी या.* या माणसानं तो मेसेज सतरा वेळा वाचला. आधी या, म्हणजे लेकीला बोलायचंय? की इतरांसमोर अपमान नको म्हणून आधीच काढून टाकणार? आणि काढणार तर कशासाठी? नियम तिचा, फासा तिचा!

रविवारी ते साडेनऊला नाही, सव्वानऊलाच माळ्यावर हजर. तनया आलेली होती. टेबलावर तिनं नवा नकाशा पसरला होता. यज्ञेश्वरांची चाहूल लागताच तिनं तो गुंडाळला आणि मागच्या दहावीच्या गाइडांच्या गठ्ठ्यावर, उंच ठेवून दिला.

"बसा, बाबा."

बसले. तिनं फासा त्यांच्यापुढे ठेवला. शिसवी लाकडाचा, हौसेनं मराठी आकडे कोरून घेतलेला. कोरणाऱ्यानं आकडे सुबक काढले होते, पण शेपटं आखूड. तीन उलटा धरला की थेट सहासारखा, आणि सहा उलटा धरला की तीनसारखा. शेपूट वर आहे की खाली, एवढ्यावरूनच ओळखायचं.

"सुरुची तुमच्या समोर बसली होती," तनया हळू म्हणाली. "तिला सहा दिसला. सुलटा. म्हणजे तुमच्या बाजूनं तो उलटा दिसत असणार. तीनसारखा."

यज्ञेश्वरांनी फासा बोटानं फिरवून पाहिला.

"चूक माझीच आहे. असले फासे करायलाच नको होते," ती भराभर बोलत सुटली. "आणि तुमच्या चष्म्याचा नंबरही वाढला असेल. उलट्या बाजूनं नाही कळत माणसाला. मी सुरुचीला तेच सांगणार आहे, की काकांना नीट दिसलं नाही. म्हणजे विषय संपला."

झालं! यज्ञेश्वरांचे कान गरम झाले. उलट्या बाजूनं कळत नाही? कुणाला? चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली या माणसानं. सुरुवातीची वर्षं तर शिशाच्या खिळ्यांवरच, जिथे अख्खं पानच उलटं वाचावं लागायचं. पंचांगाचे आकडे तपासलेत, लॉगच्या कोष्टकांची पुस्तकं तपासलीत. एकदा तीनच्या जागी सहाचा खिळा उलटा बसवलेला त्यांनी चालत्या यंत्रावर पकडला होता आणि मालकानं पेढे वाटले होते. आणि हे या पोरीला माहीत नाही? लहानपणी समोर बसवून तिला उलटा पेपर वाचायला कुणी शिकवलं? मला दिसत नाही म्हणते? मला?

तळपायाची आग मस्तकात गेली. हात टेबलावर आपटायला वर झालाच होता. आणि तेवढ्यात त्यांना दिसलं की तनया बोलता बोलता चहाचे कप सरकवते आहे. एक कप, मग दुसरा, टेबलाच्या त्यांच्या बाजूकडून पलीकडच्या कडेला. तिचं लक्षही नव्हतं. हात आपला आपण करत होता. नकाशा आधीच वर गेला होता.

यज्ञेश्वरांचा हात तसाच राहिला. डोक्यात नुसता गोंधळ. ही मला वाचवते आहे की स्वतःला? उल्कासुद्धा हेच करायची. "त्यांचं बीपी वाढलंय", "छापखान्यात काहीतरी झालं असेल", आणि बशा उचलून आत. तिला माहीत आहे, मला उलटा सहा कळतो. तिला पक्कं माहीत आहे. तरी माझ्या हातात सबब देते आहे, आणि मी ती घेतली की खुर्ची शाबूत. 'हो गं, नंबरच वाढलाय' म्हणायचं, बस्स. मग बोलत का नाही मी?

हात अजून वरच होता. राग तर आला होता, सणकून आला होता. आणि हात खाली येत नव्हता. फासा कुणी टाकला नव्हता. मग हे काय चाललं होतं?

त्यांनी हात सावकाश मांडीवर ठेवला.

"सहा होता," ते म्हणाले.

"काय?"

"सहा. शेपूट वर होतं. मला दिसलं होतं."

तनयाचा हात कपावरच थांबला. "मग तीन का म्हणालात?"

"कळत नाही गं." त्यांचा आवाज चिरकला. एरवी दोन मजले खाली ऐकू जाणारा हा आवाज. "खरंच कळत नाही. आकडा वाचला. सहा, म्हणजे राग गिळायचा, तेही मनात आलं. आणि मग तोंडातून तीन आलं. मधे वेळ होता, तनया. फार नाही, पण होता. मी तीन म्हणायचं ठरवलं, एवढा होता."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं ते टिंग टिंग गाणं वाजत होतं.

"तेव्हाही होता," यज्ञेश्वर म्हणाले. टेबलाबाहेरचं बोलायचं नाही ही अट त्यांना आठवत होती, तरी बोलले. "नकाशाच्या वेळी. उभा फाडून झाल्यावर मी थांबलो होतो. तुझ्याकडे पाहिलं होतं. आणि मग आडवा फाडला."

तनयाचे डोळे भरून आले. "माहीत आहे मला," ती म्हणाली. "मी बघत होते. तुम्ही थांबलात तेव्हा मला वाटलं, संपलं." तिनं नाक पुसलं. "दोन वर्षं मी स्वतःला सांगत होते की तुम्ही थांबलाच नव्हता. मला भास झाला."

माफ कर म्हणावं, तर ते फारच थोडं वाटत होतं. त्यांनी म्हटलं तरी. "मला नाही जमत अजून," तनया म्हणाली, आणि ते खरं होतं, म्हणून त्यांनी मान हलवली.

जिन्यावर पावलं वाजली. वरद आणि त्याच्यामागे सुरुची. ती आली, हेच पुष्कळ होतं. यज्ञेश्वर उभे राहिले. "सुरुची, फासा सहाच होता. मी मुद्दाम तीन म्हणालो. माझे डोळे उत्तम आहेत."

सुरुचीनं पिशवी खुर्चीला अडकवली. "मला वाटलंच होतं, काका. पण मी म्हटलं, म्हातारं माणूस आहे, जाऊ दे." कान पुन्हा गरम झाले. यज्ञेश्वरांनी ते होऊ दिले.

"मग कावेरी परत येणार का?" वरदनं विचारलं.

"नाही," तनया म्हणाली. "होडी बुडाली ती बुडाली. हिंमतराव काठावर उभा आहे आणि हे आपण केलं, हे त्याला माहीत आहे. तिथून पुढे खेळायचं. सुरुची, तू नवं पात्र कर. आणि बाबा, तुमचा नियम रद्द. तुम्हाला आता फासा नाही."

"मग मी रागाचं करायचं काय?"

"ते मला काय माहीत? तुम्ही ठरवायचं."

यज्ञेश्वरांनी हिंमतरावाचा कागद पुढे ओढला. खिशातलं लाल पेन काढलं, अजून सवय गेली नव्हती. 'राग येतो, आवरत नाही.' त्यांनी 'आवरत नाही' खोडलं, समासात वगळण्याची खूण केली. मग 'येतो' खोडलं. तिथे कोणता शब्द घालायचा ते मात्र सुचेना. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मुद्रित अर्धवट सोडून त्यांनी पेन बंद केलं.

तनया उठली, गठ्ठ्यावरून नकाशा काढला आणि टेबलावर पसरला. एक कोपरा सारखा गुंडाळला जात होता. तिनं त्यावर कप ठेवून पाहिला, पेनांचा डबा ठेवून पाहिला. मग क्षणभर थांबली.

"बाबा," ती म्हणाली, "तेवढा कोपरा धरा."