भांडुपचा तुसाचा साचा

मित्रांनो, भाताच्या तुसापासून जळणाच्या कांड्या पाडणारा मी एक जुना साचा आहे. घाबरू नका, सध्या बंद आहे.

माझा जन्म १९८४ सालचा, कुर्ल्याच्या एका कारखान्यातला. माझा मालक दशरथ हा बंद गिरणीतला विणकर. गिरणीच्या हिशेबाचे मिळालेले सगळे पैसे त्याने माझ्यात घातले आणि मला भांडुपच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणलं. माझ्या तोंडात तूस घालायचं. आतला तापलेला स्क्रू ते दाबणार आणि मनगटाएवढी कडक कांडी बाहेर पडणार. तूस फुकट होतं. कर्जतचा भातगिरणीवाला शिवदास म्हणे, "ने रे बाबा, उंदीर झालेत!" खर्च काय तो लॉरीचा आणि विजेचा.

गिऱ्हाईक मात्र एकच दिसत होतं. मुलुंडचे बेकरीवाले श्यामसुंदरशेठ. त्यांची भट्टी लाकडावर चाले. ते कांडी बघायला येणार होते. पसंत पडली तर दशरथचं घर चालणार, नाहीतर मी भंगारात. नेमकं त्याच दिवशी दशरथने शिवदासलाही बोलावलं.

"तेका कित्याक?" त्याची बायको जानकी म्हणाली.

"तूस फुकट देता तो. नारळाचो मान तेचोच!"

शिवदासने मान घेतला. नारळ थेट माझ्या तोंडावर फोडला. पाणी तुसात गेलं. मला ओरडायचं होतं, पण आम्हाला तोंड असतं ते फक्त खायला. बटण दाबलं. आत पाण्याची वाफ झाली, मी थरथरलो आणि बंदुकीसारखा बार काढून कांडी पत्र्यावर फेकली. शेठ टेबलाखाली गेले.

"बरंय, येतो मी," ते म्हणाले. टेबलाखालूनच.

"थांबा हो शेठ, चाय घ्या तरी," म्हणत जानकीने ओलं तूस चिमट्याने ओढून काढलं आणि कोरडं भरलं. दशरथने पुन्हा बटण दाबलं. आधी भुगा पडला. मग तुकडा. मग अखंड, गरम कांडी!

शेठनी ती शेगडीत पेटवली आणि ओरडलेच, "अरे, लाकडापेक्षा झकास! लाकडाच्याच भावात रोज टेम्पोभर पाठव!"

टाळ्या पडल्या. शिवदास टाळी वाजवत नव्हता. सांडलेलं तूस चिमटीत धरून तो निरखत होता.

पुढच्या खेपेला त्याने पोत्यावर हात ठेवला. "भाव बोल, दशरथ."

"अरे, परवापर्यंत कचरा होता ना?"

"तेव्हा फुकट होता. आता माल आहे."

दशरथने काही महिने कसंबसं रेटलं. पण तूस, लॉरी आणि वीज मिळून कांडी लाकडापेक्षा महाग पडू लागली. शेठ लाकडाकडे परतले आणि दशरथ त्यांच्याच बेकरीवर वॉचमन झाला. शिवदासचं तूस आता कोणी नेत नाही. उंदीर परत आले आहेत. भाव मात्र उतरलेला नाही.

मित्रांनो, मी अजून चालू शकतो. मला तेल द्या, पावसाळ्याआधी ताडपत्री घाला, पाण्यापासून जपा. आणि कौतुक करावंसं वाटलंच, तर जरूर करा. फक्त आधी शिवदास आत नाही ना ते बघा, आणि शेडचं दार लावून घ्या.