तिसऱ्या खांबाचं पाणी

“उतरा ना बाबा! पूल तुमचा, आणि तुम्हीच गाडीत बसून राहिलात?”

समाधानने दार उघडून धरलं होतं. घाटातल्या ज्या वळणावरून दरीवरचा पूल पुरता दिसतो, तिथे सात-आठ गाड्या आधीच लागल्या होत्या. रस्ता सुरू होऊन दहा वर्षं झाली, तरी लोक अजून इथे थांबत, फोटो काढत आणि कणसं खात. रतन रंगारीने मात्र दहा वर्षांत या पुलाचं तोंड पाहिलं नव्हतं. कोकणात जायची गोष्ट निघाली की त्याचे गुडघे नेमके दुखायला लागायचे. या वेळी मुलाने नवी गाडी घेतलेली. सून, नात यशू, सगळी नटूनथटून तयार. वाघोलीहून निघताना गुडघ्यांची सबब त्याच्या बायकोनेच, कांताबाईने, हाणून पाडली. “बाजारात चार चकरा मारता तवा नाई दुखत वाट्टे!”

उतरावंच लागलं. खाली दरीत पाच खांब उभे होते. रतनची नजर थेट तिसऱ्यावर गेली आणि तिथून हलेना.

शेजारी कोथरूडचे कुणी आप्पासाहेब बायकोला पुलाची उंची समजावत होते. समाधानला कुठला धीर! “काका, हा पूल माझ्या वडिलांनी बांधलाय,” तो म्हणाला.

“अरे वा! आपण इंजिनिअर का?”

“नाई साहेब.” रतनने घाईने सांगितलं. “मी पाणी मारत होतो. खांबायले.”

“क्युरिंग म्हणतात त्याला,” सून शर्मिला कौतुकाने म्हणाली. “पाणी नीट मारलं नाही तर काँक्रीट कच्चं राहतं. सगळा पूल बाबांच्या पाण्यावर उभा आहे.”

“मग आमच्या बिल्डरला यांच्याकडे शिकवणीला पाठवायला हवं. आमच्या बाल्कनीत उभं राहायचं म्हणजे आधी मृत्युपत्र करावं लागतं.” आप्पासाहेबांनी रतनचा हात हातात घेतला. “चला, आपल्याबरोबर एक फोटो होऊन जाऊ दे.”

“माह्यासोबत नका काढू साहेब. मी त्या लायक नाई.”

“बघ, याला म्हणतात विनय!” त्यांनी बायकोला सांगितलं आणि फोटो काढलाच. रतनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं बोलायला जावं तर लोक उलट आणखी मान देत होते. अशा माणसाने करावं तरी काय?

झालं होतं ते असं. खांब ओतला की त्याच्यावर लाल रंगाने तारीख लिहायची, ही कामावरची रीत. तिथून चौदा दिवस खांबाला ओलं पोतं गुंडाळून ते दिवसरात्र भिजत ठेवायचं. तारीख लिहायचं आणि पाणी मारायचं, दोन्ही कामं रतनची. पोती निघेपर्यंत पाणीवाल्याला सुट्टी नसे. तिसरा खांब नऊ मेला ओतला आणि नेमकी वीस तारखेला नागपूरला समाधानच्या जातपडताळणीची सुनावणी लागली. बापाने जुने दाखले घेऊन हजर राहायचं होतं. नाहीतर पोराची इंजिनिअरिंगची जागा जायची. रतनने रॉकेलच्या चिंधीने नऊचा आकडा पुसला आणि तिथे चार लिहिला. अठरा तारखेला इंजिनिअर हिंमतराव साहेब आले. त्यांनी आपली तारखांची वही उघडलीसुद्धा नाही. “रतनने लिहिलंय ना? मग काढा पोती,” म्हणाले. भर मेच्या उन्हात पाच दिवस खांब कोरडा राहिला.

समाधान कणीस घेऊन आला तेव्हा रतन कठड्याशी एकटाच होता. त्याने कणीस घेतलं नाही. बारा वर्षं कांताबाईलाही न सांगितलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं.

समाधान हसायलाच लागला. “एवढंच? अहो, डिझाइनमध्ये मार्जिन ठेवलेलं असतं. आमच्याकडे तर अर्धवट टेस्टिंग करून सॉफ्टवेअर क्लायंटला जातं. दहा वर्षं ट्रक चाललेत बाबा इथून. काही होत नाही!”

“साहेबाले इचारलं असतं तर सोडलंबी असतं त्यायनं. मी इचारलंच नाई. नाई म्हणतीन, याचं भेव.”

“माझ्यासाठीच केलंत ना? मग चूक माझी म्हणा.”

“तू आपल्यावर नोको घेऊ,” रतन पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलला. “बिरश माह्या हातात होता.”

समाधानने त्याच्या पाठीवर हात ठेवला. “विसरा आता. चला, यशू झोपलीये, तोवर घाट उतरून जाऊ.”

रतनला खरोखरच हलकं वाटलं. शिकलेला पोरगा म्हणतो काही होत नाही, म्हणजे नसेलच होत. तो समाधानच्या शेजारी बसला. मागे शर्मिला, आणि कांताबाईच्या मांडीवर तीन वर्षांची यशू.

गाडी पुलावर चढली. खांबावरच्या सांध्यावरून चाकं गेली की धप्प असा आवाज येई. समाधान जेवायचे बेत सांगत होता. “पुढे एक खानावळ आहे, तिथली सोलकढी—” पहिला धप्प झाला. “एकदम फर्स्ट क्लास. मासे मात्र—” दुसरा झाला.

समाधान बोलायचा थांबला. त्याचा डावा हात गिअरवरून सुटला, दोन सीटांमधून मागे गेला आणि त्याने झोपलेल्या यशूचा पाय घट्ट धरला. तिसरा धप्प झाला. हात तिथेच होता. चौथा झाल्यावर तो परत गिअरवर आला.

“हां, मासे मात्र ताजे आहेत का ते विचारायला हवं,” समाधान म्हणाला. कुणी पाहिलं नाही, असं त्याला वाटलं.

रतनने तोंड खिडकीकडे फिरवलं आणि घाट संपेपर्यंत ते इकडे वळवलं नाही.