मास्तरांच्या तोंडावरचा मास्क

मित्रांनो, मी एक जुना मास्क आहे. सर्दीखोकल्यात लोक नाकाला बांधतात तसला कापडी नव्हे, तर पाणबुड्यांचा. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा चेहरा माझ्यात मावतो. समोर जाड काच, कडेने मऊ रबर, डोक्यामागे आवळायला पाच पट्टे. आत नाकातोंडापुरती एक छोटी वाटी आणि तिच्यात बोलायचा माइक. दुसऱ्याचे बोलणे वाहून नेण्यासाठीच माझा जन्म झाला, पण मला स्वतःला जीभ नाही. माझे सारे दुःख याच एका गोष्टीत आहे.

कारखान्यात एका बाईंनी मला टाकीत बुडवून पाहिले. कुठूनही बुडबुडा आला नाही. "हा छान जमलाय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मला खोक्यात ठेवले. तेवढ्या कौतुकावर मी कितीतरी दिवस अंधारात खुशीत होतो.

मला विकत घेतले ते मास्तरांनी. पूर्वी ते शाळेत पोहायला शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. आता ते एका मोठ्या तलावाच्या तळाशी, चाळीस मीटर खोल उतरून, मासे अंडी घालायला खड्डे करतात ते मोजायचे काम करत. साध्या पाणबुड्याच्या बुडबुड्यांनी मासे बिचकून पळतात. म्हणून मास्तरांच्या पाठीवर रिब्रीदर नावाचे यंत्र असे. माणसाने सोडलेला श्वास त्यात परत जातो, पांढऱ्या दाण्यांच्या डब्यातून गाळला जातो, त्यात ताजा प्राणवायू मिसळतो आणि तोच श्वास पुन्हा घ्यायला मिळतो. बुडबुडे नाहीत, आवाज नाही. पण यंत्राने दगा दिला तर माणसाची शुद्ध केव्हा हरपते ते त्यालाही कळत नाही. तोंडात नुसती नळी धरलेली असेल तर ती गळून पडते आणि पाणी आत शिरते. मी चेहऱ्यावर असलो तर शुद्ध गेली तरी पाणी आत येत नाही.

मला घ्यायचा हट्ट मास्तरीणबाईंचा. त्या बोटीवर बसून, दोरीबरोबर खाली गेलेल्या तारेतून, नवऱ्याशी बोलत असत. मास्तर आधी तयार नव्हते, कारण माझे रबर नीट चिकटायचे तर दाढी काढावी लागणार होती.

"अगं, लग्नाच्या आधीपासून आहे ही माझ्यासोबत!"

"मग करा तिच्याशीच संसार. मी काही बोटीवर यायची नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तर तुळतुळीत होऊन आले. मास्तरीणबाईंचा धाकटा भाऊ मास्तरांबरोबर पाण्यात उतरत असे आणि बोलायला त्याच्या मास्कलाही तीच तार जोडलेली असे. तो हाडांचा नुसता सापळा, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणत. त्याने मास्तरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि विचारले, "कोण पाहिजे आपल्याला?" त्या दिवशी बोटीवर मोठा हशा पिकला.

मग माझी सुखाची वर्षे सुरू झाली. पाण्यातून आल्यावर मास्तरीणबाई मला कोमट पाण्यात धुवत, सावलीत वाळवत, पट्ट्यांवरून बोट फिरवून बघत. खाली गेल्यावर मला दोघांचे बोलणे ऐकायला मिळे. "एकोणीस झाले," मास्तर सांगत. "एकोणीस," बाई वहीत लिहीत आणि मध्येच म्हणत, "अहो, दूधवाल्याला उद्या नको म्हणून सांगितलंय." तळाशी मिट्ट काळोख, पाणी बर्फासारखे गार आणि कानाशी घरातले बोलणे. मला वाटे, याहून चांगले काम दुसऱ्या कुणाला मिळाले नसेल.

त्या वर्षीच्या मोजणीचा शेवटचा दिवस होता. सकाळी मास्तर दोन तास खाली राहून आले होते. दुपारी पुन्हा उतरायचे होते. पांढऱ्या दाण्यांचा डबा नव्याने भरायला अर्धा तास लागला असता.

"बदला ना दाणे," बाई म्हणाल्या. "आज पाणी किती गार आहे. गारठ्यात ते लवकर संपतात म्हणे."

"तीन तास चालतात, दोनच झालेत. तू उगाच जीव टांगणीला लावू नकोस."

बाईंनी त्यांच्याकडे नुसते पाहिले. मग माझे पाचही पट्टे एकेक करून घट्ट आवळले आणि त्या गप्प राहिल्या. आपण तेव्हा गप्प का राहिलो, असे म्हणून त्या पुढे किती वेळा रडल्या ते मी मोजलेले नाही.

पंचेचाळीस मिनिटांनी सगळ्यांत आधी कळले ते मला. वाटीत येणारा श्वास स्वच्छ नव्हता. वापरलेली हवा न गाळता परत येत होती. मास्तरांचा श्वास भरभर चालू लागला. माझ्या काचेवर धुके धरले. मी काय करणार होतो? माझ्या हनुवटीपाशी एक खटका आहे. तो फिरवला की यंत्राची हवा बंद होते आणि राखीव नळकांड्यातली साधी हवा सुरू होते. खटका माझ्याच अंगावर, पण फिरवायला हात नाहीत.

"डोकं जरा जड झालंय," मास्तर म्हणाले.

"वर या. ताबडतोब."

"दोनच खड्डे राहिलेत."

"अहो, तुमचा श्वास मला इथं ऐकू येतोय! खटका फिरवा. हनुवटीपाशी हात न्या."

"कसला खटका?" मास्तरांनी विचारले. मग ते "सत्तावीस, सत्तावीस" असे पुटपुटू लागले.

"पैलवान! सगळं टाक आणि तुझ्या भावजींकडे जा!"

मास्तरांचा हात वर आला, पण खटक्याकडे गेला नाही. त्यांचा जीव इतका गुदमरला होता की त्यांना मीच गळफास वाटलो. त्यांनी मला कडेला धरून ओढले. एक पट्टा निसटला. दुसरा निसटला. तिसऱ्यांदा ओढताना त्यांची बोटे सैल पडली आणि हात तरंगत बाजूला गेला.

उरलेले तीन पट्टे टिकले. मी त्यांना वाचवले असे लोक म्हणतात, मित्रांनो, पण आवळणारे हात बाईंचे होते. मी नुसता होतो तिथे होतो. वरून त्यांचा आवाज येतच होता. "अहो, ऐकताय ना? मी आहे इथं. अहो, बोला ना काहीतरी." मास्तरांच्या कानाला ते पोहोचत नव्हते. ऐकणारा मी एकटा आणि मला "हो" म्हणता येत नव्हते.

पैलवान आला. त्याने पहिल्या झटक्यात खटका फिरवला. स्वच्छ हवा आत आली, पण मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. इतक्या खोलातून येताना वाटेत ठरावीक ठिकाणी थांबावे लागते, नाहीतर अंगात मुरलेला वायू बुडबुडे होऊन रक्तात उठतो.

"ताई, थांबू का वाटेत?" पैलवानाने विचारले. त्याचा आवाज रडका झाला होता. "थांबायला पाहिजे. पण हे काहीच हालचाल करत नाहीत गं."



"नको थांबूस. वर आण त्यांना."

मास्तर जगले. रक्तातले बुडबुडे जिरावेत म्हणून दवाखान्यातल्या दाबाच्या खोलीत त्यांना नऊ वेळा ठेवले, तरी पायांत पूर्वीचे बळ आले नाही. पहिले वर्ष चाकांच्या खुर्चीत गेले, मग दोन काठ्या आल्या. डॉक्टर म्हणाले, "हा मास्क नसता तर माणूस हाती लागला नसता." सगळ्यांनी माना डोलावल्या, पण माझ्याकडे कुणी पाहिले नाही. मला घरी आणून व्हरांड्यातल्या खिळ्याला अडकवले.

मित्रांनो, मी तिथे चार वर्षे होतो. रोज दुपारी अंगावर ऊन येई. रबर आधी कडक झाले, मग भेगाळले. वाटीत मुंग्यांनी घर केले. बाई केर काढताना माझ्याखालून मान वळवून जात. मला बघितले की त्यांना कानात तो श्वास ऐकू येत असावा. मी त्यांना दोष देत नाही.

मग एके सकाळी पैलवान आला. मोजणी आता तोच करत होता. त्याचा मास्क फुटला होता, नवा यायला दोन महिने लागणार होते आणि काम आठ दिवसांवर आले होते.

"ताई, तो देतेस का? काच तर धड दिसतेय."

"घेऊन जा," मास्तर खुर्चीतून म्हणाले. "गुणी आहे तो."

गुणी! चार वर्षांनी कुणी केलेले कौतुक ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या हनुवटीखाली रबराला एक बारीक चीर गेली होती. गेल्या उन्हाळ्यापासून मला ती ठाऊक होती. मला नेऊ नका, असे मी कुणाला कसे सांगणार होतो? पैलवानाने मला पिशवीत टाकलेही.

"थांब," बाई म्हणाल्या. "बघू दे मला."

त्यांनी मला बाहेर काढले, धुतले, पुसले. पट्टे ताणून पाहिले. मग डोळे मिटून रबरावरून सावकाश अंगठा फिरवला. हनुवटीपाशी अंगठा थांबला.

"याला चीर आहे."

"असू दे गं, चिकटवतो. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे."

बाई आत गेल्या आणि कात्री घेऊन आल्या. त्यांनी माझे पाचही पट्टे मुळापासून कापले. मग रबर उभे कापले. 

"ताई! अगं, काय केलंस हे! आता मी उतरू कसा?"

"नको उतरूस. यंदा राहू दे मोजणी."

पैलवान पाय आपटत निघून गेला. मास्तर बराच वेळ माझ्या तुकड्यांकडे पाहत होते. मग त्यांनी काठ्या घेतल्या, हळूहळू येऊन बाईंच्या शेजारी बसले आणि त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली.

मित्रांनो, आता मी दाराबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात आहे. थोड्या वेळाने गाडी येईल. माझे एवढे ऐका. ज्या वस्तूंच्या हवाली तुम्ही आपला जीव करता, त्या दुखले तरी बोलत नाहीत. त्यांना रोज हात लावून बघा. आणि एखादी वस्तू कामातून गेली असेल, तर ती दुसऱ्याच्या हाती पडण्याआधी मोडून टाका. तिला वाईट वाटेल, पण तेवढे वाटू द्या.