शेंडा की बुडखा

घरी तिला सगळे चिखलताई म्हणत. हे नाव धाकट्या भावाने ठेवलेलं. लोक सोन्यासाठी खणतात, आमची ताई चिखल घेऊन येते, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. त्यात खोटं काही नव्हतं. तळ्याच्या तळात उभी ठोकून काढलेली गाळाची एक हातभर लांब नळी हाच तिच्या पीएचडीचा सगळा संसार होता. नळी उभी चिरून टेबलावर ठेवली की एकावर एक बसलेले थर दिसत. खाली लोण्यासारखा मऊ गाळ, वर वाळू. मऊ गाळ खोल पाण्यात बसतो आणि वाळू काठाजवळ, तेव्हा तळं एके काळी खोल होतं आणि पुढे आटत गेलं, हे उघड होतं. सोमवारी एवढंच समितीपुढे मांडायचं, मग प्रबंध, मग पदवी.

शुक्रवारी दुपारी ती नळीचं शेवटचं चित्र काढत बसली होती आणि बोटभर जाडीच्या एका थरापाशी अडकली. तो पुराचा थर होता. पूर खडे, वाळू, चिखल सगळं एकदम आणून टाकतो. मग जड ते आधी खाली बसतं, हलकं मागाहून. इथे मात्र खडे वर होते. तिने खालची चिमूटभर माती दाताखाली घातली. या शास्त्रातली माणसं माती अशीच पारखतात, बघणाऱ्याला किळस येईना का. खालची माती मऊ लागली, वरची कचकच वाजली.

असेल एखादा आडमुठा पूर, असं म्हणून ती दुसऱ्या थराकडे वळली. तोही तसाच. नळीत पुराचे होते नव्हते ते सगळे थर तिने चाखले. सगळेच आडमुठे कसे असतील?

घरी आल्या आल्या तिने काचेच्या बरणीत माती, खडे आणि पाणी घालून खळाखळा हलवलं.

"साखरेची बरणी आहे ती," आई म्हणाली.

"धुऊन देते गं."

"आणि मी त्यात साखर भरू?" आईने बरणीत डोकावून पाहिलं. "खडे खाली बसले की. एवढ्यासाठी इतकी वर्षं शिकतेयस?"

खडे खाली बसतात हे तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. पण एकदा शंका आली की माणूस दोनाचा पाढासुद्धा पुन्हा म्हणून बघतो. पूर सरळच होते. नळीच उलटी होती.

मग तिला नळी काढली त्या दिवशीची होडी आठवली. वाऱ्याचा झोत आला, नळी घरंगळत गेली, तिच्या मार्गदर्शक सरांनी ती पायाने अडवली आणि वरचं टोक दाखवणारा बाण ठसठशीत काढला. ती तेव्हा होडीच्या कडेवरून वाकून ओकत होती. वय ठरवायला गाळात एकच पान सापडलं होतं, तेही नेमकं मधोमध. नळी कशीही धरा, मधलं पान मधलंच राहणार, तेव्हा वयावरूनही उलटसुलट कळलं नव्हतं.

आता बोलावं की गप्प बसावं? समितीला कळलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. बोललं तर वर्ष बुडणार, शिवाय याच नळीवर सरांचा लेख छापून आलेला. मार्गदर्शकाला तुम्ही उलटं वाचलंत म्हणून सांगायला वाघाचं काळीज लागतं आणि हिचं सशाचं. पण जेवताना घास तिच्या हातातच राहिला. नळी उलटी असेल तर तळं आटत नव्हतं, भरत होतं. आधी वाळू, मग पाणी. हे एकदा डोक्यात शिरल्यावर गप्प बसणं जमणार नव्हतं.

शनिवारी सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग थराच्या दोन्ही बाजूंची माती दाताखाली घालून बराच वेळ चावली.

"बाण मी काढला होता," ते म्हणाले.

"हो, सर."

"तू का बोलली नाहीस?"

"मी ओकत होते, सर."

सर हसले नाहीत. "सोमवारचं रद्द करू. लेखातली चूक माझी, ती मीच छापून सांगेन. पण तुझं वर्ष जाईल. वाईट वाटतंय?"

"खूप," ती म्हणाली, आणि तिला रडूच आलं. घरी काय सांगायचं, हेही तिला सुचेना.

सरांनी तिला रडू दिलं. मग दोघांनी मिळून नळी उचलली, फिरवली आणि वाळूचं टोक खाली करून ठेवली. ती डोळे पुसतच वाकली.

"सर, वाळूवर एवढं पाणी आलं कुठून?"

"नदी वळली असेल."

"नाही सर, तसं असतं तर इथे गोटे दिसले असते." सरांना नाही म्हटल्याचं तिच्या ध्यानातही आलं नाही. "जमीन खचली असेल?"

"मग थर तुटलेले दिसले असते."

दोघं पुन्हा वाकले. खालून वर, वरून खाली, सरांनी चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची सरकवून तिला नळीजवळ जागा करून दिली.