झाकणाखालची भीती

मी जळोचीतल्या दीपकच्या घरामागची सेप्टिकची टाकी बोलतेय. माझ्यावर फरशी आहे, फरशीवर कपडे वाळत असतात. त्यामुळे मी इथं आहे हेच घरातली माणसं विसरतात. मला मात्र माझीच भीती वाटते.

अकरा वर्षांपूर्वी मकसूद गवंड्यानं मला बांधलं. आतला वायू निघून जावा म्हणून त्यानं उंच पाइपही लावला. पुढं वरचा मजला चढवला तेव्हा खिडकीत वास येतो म्हणून दीपकनं तो पाइप बुजवला. वायू माझ्या पोटात कोंडला. मला उपसायचं तर कुणाच्या मनातही आलं नाही.

गेल्या चैत्रात संडासातून पाणी उलटं वर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दीपकच्या बहिणीला, प्रतीक्षाला, बघायला पाहुणे येणार होते. उपसायची गाडी बोळात शिरेना. मग दीपकनं चेंबर साफ करणाऱ्या जोतीरामला बोलावलं. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस.

झाकण सरकलं. इतक्या वर्षांनी ऊन आत आलं आणि मी घाबरले.

"लांब पाइपाची गाडी उद्या दुपारी मिळंल," जोतीराम म्हणाला.

"सकाळीच पाव्हणं येत्यात, तात्या. तोंडाशी चिंध्या अडकल्या असतील, तेवढ्या काढा की," दीपक म्हणाला.

जोतीरामनं शिडी सोडली. तेवढ्यात दीपकची आई, विजयमाला, विहिरीचा दोर घेऊन आली. "ह्यो बांधल्याबिगर उतरायचं न्हाय," म्हणत तिनं तो त्याच्या छातीला आवळला.

त्याचे पाय खाली येऊ लागले. मला आवाज असता तर मी त्याला तिथंच थांबवलं असतं.

"वास तर कायबी येईना," तो म्हणाला.

वास कळेनासा होतो तेव्हाच माझ्यातली हवा जीव घेते. त्याची मूठ सुटली.

दीपक शिडीकडं धावला. विजयमालानं त्याचा सदरा धरला. "खाली न्हाय. दोर वढ."

मायलेकांना वजन पेलेना. शेजारची वहिदा धावत आली. तिघांनी मिळून त्याला वर घेतलं. वर काय चाललंय ते मला दिसेना. नुसती त्याच्या नावाची हाक ऐकू येत होती, पुन्हा पुन्हा. शेवटी एक खोकला आला.

जोतीराम तीन दिवस दवाखान्यात होता. पाहुण्यांना दीपकनं पुढच्या आठवड्यात बोलावलं. गाडीनं मला वरूनच उपसलं, नवा पाइप बसला.

पंधरा दिवसांनी जोतीराम आला. दीपकनं त्याला खुर्ची दिली. "माझंच चुकलं, तात्या."

"दोन सालामागं इंदापूरकडं माझा धाकटा भाऊ अशाच टाकीत गेला," जोतीराम म्हणाला. "म्या त्याला खांदा दिला. तरी बी उतरलो."



आता मी पुन्हा भरत चाललेय. पुढच्या वेळी गाडी मिळाली नाही, तर दोन दिवस नाक धरून काढा. वास निघून जातो. माझ्या तळाशी गेलेला माणूस परत देणं माझ्या हातात नाही.