पंपवाल्याच्या पोरी

"अहो, ती बटणं तरी लावा. बाई पाणमांजरं बघायला येतेय, तुमची छाती नाही," पंपवाल्याची बायको म्हणाली.

पंपवाल्याने बटणं लावली, तीही चुकीच्या काजांत. सकाळपासून त्याचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. पंपघराची पायरी धुऊन झाली. नदीकाठावरच्या बिळांपाशी वाकून "आज शहाण्यासारख्या वागा गं" असं बजावूनही झालं. पाणमांजरांना तो पोरी म्हणायचा. बायको सवती म्हणायची, पण माशांची डोकी न विसरता बाजूला काढून ठेवायची तीच.

खाणीसाठी पाहणी करणारी बाई याआधी येऊन रिकाम्या हाताने गेली होती. तिने 'इथे प्राणी नाहीत' असं लिहिलं, की काठ खोदायला मोकळा. म्हणून पंपवाल्याने तिच्या विनवण्या केल्या होत्या, "एकदा डोळ्यांनी बघा, मग काय ते लिहा." ती आज शेवटचं येणार होती.

ऊन कललं तशा पोरी बाहेर आल्या. थोरली खडकावर पाठ घासत होती, पिल्लं एकमेकांच्या शेपट्या ओढत होती. पंपवाल्याचा आनंद पोटात मावेना. तेवढ्यात वळणावर जीपचा आवाज आला.

आणि त्याने पाना उचलून पाईपवर दाणकन आपटला.

डोक्याला पत्ताच नव्हता, हाताने परस्पर काम उरकलं होतं. कातड्यासाठी सापळे लावणारे यायचे, तेव्हाची ही सवय. अनोळखी गाडी दिसली की पाना वाजायचा आणि पाना वाजला की पोरी बिळात पळायच्या. आत्ताही पळाल्या. इतक्या मुकाट्याने त्याचं ऐकणारं घरात दुसरं कोण होतं म्हणा!

"अहो, काय केलंत हे!" बायकोने कपाळावर हात मारला.

बाई अंधार पडेपर्यंत बसली. बिळातून कुणी नाक काढलं नाही.

"काका, माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण वरचे लोक फोटो मागतात. तुमच्याकडे आहे एखादा?"

"कधी काढलाच नाही. कुणाच्या हाती लागला असता म्हणजे?"

निघताना तिने त्याचा हात हातात घेतला, आणि मग जीप गेली.

धुरळा बसल्यावर थोरली वर आली. पायरीपाशी येऊन, शाबासकी मागावी तशी त्याच्याकडे बघत उभी राहिली. पंपवाल्याला रडू आवरेना.

"इतकंही ऐकायचं नसतं गं, बाळा."

बायकोने माशाचं डोकं थोरलीपुढे सरकवलं. नवऱ्याच्या हातातला पाना काढून बाजूला ठेवला, आणि त्याची चुकलेली बटणं सोडवून ती पुन्हा नीट लावत बसली.