चंद्रीला पटलेला पाहुणा

ज्योतीराम पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात बाटल्या धुवायचा, आणि तरी त्याला टायफॉइड झाला. औषधाच्या इतक्या जवळ राहूनही आपण आजारी पडलो, याची त्याला लाजच वाटली. ताप गेला, पण जाताना अंगातली ताकदही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा.

हवापालट म्हणजे साहेब लोकांचं काम. बीडकडून पोटासाठी पिंपरीत आलेल्या माणसाचा तो एकदा झालेलाच असतो.

चिंचवडच्या खोलीत बरोबर राहणारा भैरू म्हणाला, "आमच्या घरी जा. दादा हाय, वैनी हाय. हवा तर इतकी, की भाकरी धरून खावी लागती."

चाकणपर्यंत एस.टी. आणि पुढं बैलगाडीनं ज्योतीराम भामनेरच्या डोंगरात पोचला. भैरूच्या थोरल्या भावानं, दौलतरावांनी, त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाहायला फारसं काही उरलं नव्हतं.

"नाचणीची भाकरी चालंल का?"

"चालंल की."

"मग ऱ्हावा."

एवढ्यावर चौकशी संपली.

उतारावर नाचणी नि वरई, खाली भाताची खाचरं. त्या घरात रिकामं कुणीच नव्हतं. कुत्रंसुद्धा रात्रभर रानडुकरांवर भुंकून सकाळी रात्रपाळी संपल्यासारखं आडवं व्हायचं. ज्योतीरामला मात्र खुरपं हातात धरू देत नव्हते. भैरूच्या वैनी, सावित्रीबाई, म्हणायच्या, "भाऊजी, तुमचं काम खायाचं. ते नीट करा."

घरात एकच दुखणं होतं. चंद्री म्हशीचं रेडकू मेलं होतं, आणि तेव्हापासून ती पान्हा चोरत होती. दूध, ताक, तूप, सगळं बंद. रिवाजाप्रमाणं दौलतरावांनी रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं उभं केलं. चंद्रीनं लेकराला हुंगलं, मायेनं चाटलं आणि शिवण उसवून आतला पेंढा खाल्ला. पुढं काही दिवस त्या घरात मायेचा विषय कुणी काढला नाही.

ज्योतीराम दिवसभर गोठ्याच्या दाराशी उन्हाला बसायचा. बोलायला कुणी नाही, म्हणून तो चंद्रीला कारखान्याची हकिगत सांगू लागला. "बाटली घ्यायची. पाण्यात बुडवायची. आत ब्रश फिरवायचा. उजेडाला धरून बघायची. खाली ठिवायची. मग दुसरी घ्यायची." कारखान्यात याहून जास्त काही घडत नसल्यानं हकिगत पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

एकदा ती चालू असताना चंद्रीनं डोळे मिटले आणि तिची कास भरून आली. सावित्रीबाई हातातलं टाकून चरवी घेऊन पळाल्या. "बोला भाऊजी, थांबू नगा! धुवा बाटल्या!"

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ ज्योतीराम बाटल्या धुवायचा नि सावित्रीबाई धार काढायच्या. पहिला पेला त्यालाच. गालफडं भरली. सदऱ्याची बटणं पुन्हा काहीतरी झाकू लागली.

मग शनिवारी भैरू आला. "सोमवारी हजर झाला न्हाईस, तर नाव कटंल."

"कटू दे," ज्योतीराम म्हणाला.

"आरं, डोकं ठिकाणावर हाय का?"

"मी गेलो तर चंद्री आटंल. या घरानं मला उभं केलं. ह्यांचं दूध बंद करून मी बाटल्या धुवायला जाऊ? इथंच धुईन."

दौलतराव तंबाखू मळता मळता थांबले. "पाव्हणं, म्हशीपायी पक्की नोकरी सोडली म्हनून गाव आमच्या तोंडात शेण घालंल. चंद्रीचं आमी बगतो. तुमची हकिगत तेवढी शिकवा."

त्या संध्याकाळी दौलतरावांनी ज्योतीरामची खाकी टोपी घातली आणि म्हशीपुढं बसून बाटल्या धुवायला सुरुवात केली. पण त्यांना शिवी घातल्याशिवाय वाक्य संपवता येत नव्हतं. तिसऱ्या बाटलीला चंद्रीनं शिंग हाणलं आणि टोपी शेणात गेली.

"बघा," ज्योतीराम म्हणाला. "मी जात नाय."

सकाळी सावित्रीबाई म्हणाल्या, "आता मी बगते. तुमी कुनी आत येऊ नगा, ती बिचकती." त्या गोठ्यात गेल्या. हुबेहूब ज्योतीरामच्या आवाजात बाटल्या सुरू झाल्या. मधेच चरवी आपटल्याचा आवाज आला, मग सगळं शांत झालं. ज्योतीराम काळजीनं घराला वळसा घालून गेला. गोठ्याच्या मागच्या दारातून शेजारचा सोनबा बाहेर पडत होता. वाडीतली एकुलती दुभती गाय त्याची होती. हातात दुधाची रिकामी कासांडी होती. ज्योतीरामला पाहताच तो आभाळाकडं बघत निघून गेला.

ज्योतीराम पुढच्या अंगणात आला तेव्हा सावित्रीबाई भरली चरवी घेऊन उभ्या होत्या. पदराला शेण, कपाळाला टेंगूळ. "बगा! घातला पान्हा. अगदी वळखलंच न्हाई तिनं मला. जावा आता बिनघोर."

दूध पातळ होतं, पिवळसर होतं. कुणीही सांगितलं असतं, गाईचं आहे. दौलतराव छपराकडं बघत होते. भैरू बैलांना जुंपत होता, आणि घाईत दोन्ही एकाच बाजूला जुंपत होता.

त्या घरानं ज्योतीरामला भाकरी दिली होती, अंथरूण दिलं होतं, अंगावर मांस दिलं होतं. पण एवढं धडधडीत खोटं त्याच्यासाठी जन्मात कुणी बोललं नव्हतं. आता इथं राहायचं म्हणजे ते त्यांच्या तोंडावर फेकायचं.

त्यानं पेला रिकामा केला. डोळे भरून आले, ते ठसका लागल्यासारखं करून पुसले.

"म्हशीचंच," तो म्हणाला. "काय घट्ट हाय, वैनी!"

आणि गाडीत जाऊन बसला.